न्हाणीतला देव

आमच्या ह्यांना कुणी विचारलं, की काका, आयुष्यात काय केलंत, तर ते चहाचा पेला खाली ठेवतात, घसा खाकरतात आणि म्हणतात, "जबाबदारी सांभाळली." कुणाची, ते आजवर कुणाला कळलेलं नाही. मला तर नाहीच नाही, आणि मी त्यांची बायको आहे.

नाव दियेम. लांग सन ह्या आमच्या सरहद्दीवरच्या गावात मालधक्क्यावर कारकून होते. म्हणजे दुसरे पोती उचलायचे आणि हे खुर्चीत बसून बघायचे, पोती उचलली जातायत की नाही. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांना एक घड्याळ आणि एक घोंगडी मिळाली. घड्याळ बंद पडलं, त्यात सेल घालायचा राहिलाय. घोंगडी मात्र रोज वापरात आहे.

माझ्या वडलांना हा मुलगा पसंत पडला तो कमी बोलतो म्हणून. बाबा म्हणाले, "न्यान, मुलगा गंभीर आहे." कसला गंभीर! बोलायलासुद्धा कष्ट पडतात म्हणून गप्प होता. चहा समोर आला, चार माणसं जमली, की मग बघावं. पाऊस का पडत नाही, सरहद्दीवर ट्रक का अडलेत, बदकाच्या पोटात पानं कशी भरावीत, सगळं ह्यांना ठाऊक. बदक मात्र मी भाजायचं. ह्यांनी मांडी खायची. घराण्यातला थोरला मुलगा ना! पितरांच्या जेवणाला पहिली उदबत्ती ह्यांच्या हातची आणि पहिली मांडीही ह्यांच्याच ताटात.

मी इथल्या 'की लुआ' बाजारात बसते. मिरचीत मुरवलेले बांबूचे कोंब विकते. पहाटे उठून कोंब सोलायचे, मिरच्या धुवायच्या, बरण्या भरायच्या. हाताची अशी आग होते की गार पाणी सोसत नाही नि कढतही नाही, कोमटच लागतं. म्हणून घरात गिझर घ्यायचा हट्ट मीच धरला होता. हे म्हणाले होते, "आपल्या वाडवडलांनी काय गिझरवर दिवस काढले?" आला तेव्हा पहिली आंघोळ ह्यांनीच केली, आणि टाकी रिकामी करून बाहेर आले.

आमच्याकडचं पाणी चुनखडीच्या डोंगरातून येतं. किटली घ्या, बुडाला पांढरा थर. थर्मास हलवा, आत पापुद्रे खुळखुळतात. चहा ओतला की वर तवंग धरतो. हनोईचे पाहुणे नाक मुरडतात, आम्हाला त्याशिवाय चहा चहा लागत नाही. अशा पाण्यात गिझर म्हणजे एक पाळलेलं जनावरच, त्याचं हवं-नको बघावं लागतं. बसवणारा सांगून गेला होता, "मावशी, दरवर्षी थंडीच्या आधी एकदा खालून उघडायचा. कॉइलवरचा क्षार खरवडायचा, टाकीतला चुना धुवून काढायचा. आणि आत हा एक रॉड असतो. गंज टाकीला लागू नये म्हणून आधी हा झिजतो. संपला की नवा घालायचा, नाहीतर मग टाकीचा नंबर." मला हसूच आलं. दुसऱ्याला गंज लागू नये म्हणून गुपचूप झिजणारं ह्या घरात आतापर्यंत एकच होतं, आता दोघं झालो.

पण उघडायचा म्हणजे शिडी आणायची, न्हाणीतून ह्यांचे पक्ष्यांचे पिंजरे हलवायचे, नळ बंद करायचा, कुणाला तरी बोलवायचं. तेवढं सगळं! ह्यांचं तत्त्वच आहे, "चालणाऱ्या वस्तूला हात लावू नये." स्वतःच्या अंगालाही तेच लागू. मी म्हणायची, "अहो, यंदा तरी उघडायला सांगा." हे भिंतीवरच्या कॅलेंडराची पानं उलटायचे. आज लोखंडाला हात लावायचा दिवस नाही. उद्या पाण्याचं काम वर्ज्य. परवा ह्यांच्या जन्मसालाला वाईट. त्या कॅलेंडरात बुद्धिबळ खेळायला वाईट दिवस एकही नव्हता. मी नीट बघितलंय.

मग मुलाचं, क्वेतचं लग्न झालं आणि थाम घरात आली. गोड पोर. बालवाडीत शिकवते. क्वेत दूर बाक जांग शहरात कारखान्यात नोकरीला, महिन्यातून एखाद-दोनदा येतो. त्यामुळे घरात आम्ही दोघी आणि हे. पहिल्या वर्षी ती मला "आई, आई" करत बाजारात यायची, माझ्या बरण्यांची झाकणं पुसायची. मला वाटायचं, चला, नशिबात नवरा नव्हता, सून तरी आहे.

लग्नानंतरच्या हिवाळ्यात तिला दिवस गेले. तिसरा महिना होता. गिझर तेव्हा तापताना गुरगुरायला लागला होता, आत कुणी खडे भाजतंय असा आवाज. पाणी दोन तांबे गरम की पुढे गार. गार पाण्यानं गरोदर पोरीनं आंघोळ करायची? मी सिनला निरोप दिला. सिन आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहायचा, गिझर-पंपाची कामं करायचा. मला बाजारात जायचं होतं, थाम शाळेत जाणार होती. म्हणून ह्यांना चार-चारदा सांगून निघाले, "सिन येईल. रॉड बदलून घ्या, आतला चुना काढून घ्या. शिडी दाराच्या मागे काढून ठेवली आहे." हे "हं" म्हणाले. त्या वेळी एका शब्दानं बोलले नाहीत, की घरात गरोदर बाई आहे, काही उघडू नको. एका शब्दानं नाही!

संध्याकाळी आले तर हे ओसरीवर शेजारच्या ताम आजोबांबरोबर बुद्धिबळाचा पट मांडून बसलेले. ताम आजोबांना ऐकू येत नाही, म्हणून ह्यांचं त्यांच्याशी छान जमतं. विचारलं, "झालं का काम?"

"झालं," म्हणाले, वर न बघता.

गिझर लावला. तसाच गुरगुरला. मी म्हटलं, "अहो, आवाज तर येतोच आहे."

"नवा रॉड आहे. बसायला वेळ लागतो."

मला काय कळतंय त्यातलं! गप्प बसले. त्याच आठवड्यात थामच्या पोटात दुखायला लागलं. दवाखान्यात नेलं. बाळ राहिलं नाही. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, पहिल्या महिन्यांत होतं असं कित्येकींचं, कुणाचा दोष नाही, पुढच्या वेळी सगळं नीट होईल.

थाम खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेली. तिची आई पायाशी बसलेली, मी उशाशी. हे आले, खुर्ची ओढून बसले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "घरात पोटुशी बाई असताना ठोकाठोक करू नये, भिंतीला, नळाला हात लावू नये. लहान पोराला पण माहिती असतं. गर्भाचा देव चिडतो. पण ह्या घरात माझं ऐकतंय कोण? हिनं गिझर उघडायला लावला."

आमच्याकडे हे सगळे पाळतात. पोटुशी बाई असेल तर खिळासुद्धा ठोकत नाहीत. मी पाळत नव्हते असं नाही. मला वाटलं होतं, भोक पाडायचं नाही, भिंत फोडायची नाही, चार बोल्ट तर काढायचे. त्यात देव कशाला चिडेल? पण ह्यांनी बोलून दाखवलं आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली. थामनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यापेक्षा तिनं माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर पोर माझ्याशी बोलायची ते "हो आई" नि "नाही आई". बाजारात येणं बंद. तिची आई रस्त्यात भेटली तर दुसऱ्या बाजूनं जायची. गल्लीतल्या बायका मला बघून गप्प व्हायच्या, कारण ह्यांनी ती गोष्ट चहाच्या प्रत्येक पेल्याबरोबर वाटली होती. आणि मी? मी मान खाली घालून ऐकत होते. केलं होतं ना मी! मीच निरोप दिला होता ना!

गिझर पुढेही तसाच गुरगुरत राहिला. पुन्हा उघडायचं नाव काढायची माझी छाती नव्हती. आणि सिन तर तेव्हाच कुठल्याशा कारखान्यात नोकरी लागली म्हणून बाक निन्हला निघून गेला होता.

यंदा थामला पुन्हा दिवस राहिले. मला आनंद झाला. पण आता काही झालं तर हे कुणाच्या माथी मारणार, हे सांगायला नको. मी तर पाण्याचा तांब्यासुद्धा आवाज न करता ठेवायला लागले.

आणि ह्यांना तर काय, हातात कोलीतच मिळालं. आता आळसाला खुद्द देवाची सही! पाण्याची धार दोऱ्यासारखी झाली, "अहो, नुसतं झाकण काढून बघू या का?" म्हटलं, की हे बोट वर करायचे, "गर्भाचा देव ह्या महिन्यात न्हाणीत बसलाय." तो देव दर महिन्याला घरात जागा बदलतो म्हणतात. कधी दारात, कधी चुलीपाशी, कधी खाटेखाली. आमच्याकडचा मात्र हलायलाच तयार नाही. पाचव्या महिन्यात विचारा, न्हाणीत. सातव्यात विचारा, न्हाणीत. तोही ह्यांच्यासारखाच निवृत्त असावा.

बरं, देव न्हाणीत असल्यामुळे ओसरी मोकळी होती. ह्यांनी नवा बुलबुल आणला. गाणारा आहे म्हणे. त्याच्या पिंजऱ्याला हूक पाहिजे. एका दुपारी मी घरी येते तो काय, हे ड्रिल घेऊन ओसरीच्या भिंतीला भोक पाडतायत! घर नुसतं घरघरतंय. थाम शाळेत होती म्हणून बरं. मी किंचाळलेच, "अहो, शुद्धीवर आहात का? पोर पोटुशी आहे ना?"

"ओरडू नकोस. देव न्हाणीत आहे, ओसरीत नाही. आणि घरच्या कर्त्यानं केलं तर चालतं."

कर्ता! ह्या माणसानं आयुष्यात कर्तेपणाचं केलेलं एकमेव काम म्हणजे ते भोक. तेही वाकडं. पिंजरा अजून तिरका लटकतो आणि बुलबुल एका बाजूला सरकून बसतो. मी थामला सांगायला हवं होतं. पण तिला वाटलं असतं, ही स्वतःवरचं बालंट दुसऱ्यावर ढकलतेय. नाही सांगितलं.

थंडी आली. माउ सनच्या डोंगरावर बर्फ धरलं की आमच्याकडे हाडं कडकडतात. थामला शेवटचा महिना लागलेला. बाळंत झाली की आमच्यात महिनाभर गार पाण्याला बोट लावायचं नाही; सगळं गरम हवं. मी आलं वाळवून ठेवलं, बाळाच्या दुपट्यांना ऊन दाखवलं, डुकराचे पाय आणि पपईची कालवणं कुठल्या दिवशी कुठलं ते ठरवलं. थाम मात्र म्हणाली, "आई, मी बाळंतपणाला माझ्या आईकडे जाईन." मान खाली घालून म्हणाली, पण ठामपणे. मी काय म्हणणार? माझा हक्क मी दोन वर्षांपूर्वीच घालवला होता. रात्री उशीत तोंड घालून रडले. हे घोरत होते.

आणि गिझरची तर आता हद्दच झाली. त्याच्या वायरीला एक छोटी डबी असते, वीज कुठे गळली की टक्कन पडते आणि बंद करते. ती रोज पडायला लागली. लावली की टक्, लावली की टक्. ह्यांना सारखं उठावं लागे. केवढे कष्ट! शेवटी एका सकाळी म्हणाले, "डबी बिघडली आहे." आणि चक्क कापून टाकली. वायरीची टोकं जोडून वर चिकटपट्टी गुंडाळली.

मी म्हटलं, "अहो, हे बरं नव्हे. ती डबी काही उगीच नसते."

"मी काय गिझर उघडला का? वायर जोडणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. देवाचं काय बिघडतं त्यात? तू तुझे कोंब सांभाळ."

त्या दिवशी थामला रजा होती. दुपारी म्हणाली, डोक्यावरून पाणी घेते, दवाखान्यात जायचंय. आम्ही नेहमी पाणी तापलं की बटण बंद करून मगच आत जातो. पण हल्ली आत एवढा चुना साठला होता की बटण बंद केलं की बादली भरायच्या आत पाणी गार. म्हणून हे म्हणायचे, चालूच ठेवा. मी आधी आत गेले, पाणी कितपत तापलंय बघायला. धारेखाली हात धरला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या. हात झटकला. वाटलं, मिरचीनं झोंबत असेल. पुन्हा धरला. ह्या वेळी असा झटका बसला की मी भिंतीवर आपटले.

बाहेर येऊन बटण बंद केलं आणि दारात आडवी उभी राहिले. थाम टॉवेल घेऊन समोर. एवढं मोठं पोट.

"थाम, आत जाऊ नकोस. पाण्यात करंट आहे."

ओसरीवरून हे म्हणाले, "काही करंटबिरंट नाही. तिला गिझर उघडायचाय. मागच्या वेळी पण अस्संच केलं. थाम, तूच ठरव बाई. मागच्या वेळचं तुला सांगायला नको."

पोर माझ्याकडे बघतेय, त्यांच्याकडे बघतेय. माझ्यावर विश्वास ठेवायचं तिला काही कारणच नव्हतं. नाही ठेवला आणि मला ढकलून आत गेली तर? मी एवढंच म्हणू शकले, "बाळा, मला हवं ते बोल. जन्मभर बोलू नकोस माझ्याशी. पण आत जाऊ नकोस. मी दारातून हलणार नाही."

थामनं टॉवेल खांद्यावर टाकला. मग ओसरीकडे वळून अगदी शांतपणे म्हणाली, "बाबा, करंट नाहीये ना? मग आधी तुम्ही करा आंघोळ. मी नंतर करते."

हे पिंजऱ्यात दाणे टाकत होते. हात थांबला. "मी? आत्ता? मी सकाळीच तोंड धुतलंय."

"नुसता हात धरा पाण्याखाली. आई, बटण लावा."

मी लावलं. हे उठले. खरंच उठले! न्हाणीच्या दारापर्यंत आले. आत वाकून नळाकडे बघितलं. मग मागे वळून भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, "आज माझ्या जन्मसालाला पाण्यापासून भय आहे. लिहिलंय तसं."

मी ह्या माणसाचे तमाम नखरे बघितलेत. त्याच्या आळसाला हसले, रडले, शिव्या घातल्या. पण आपल्याला भीती वाटते त्या पाण्याखाली पोटुशा सुनेला पाठवायला निघालेला माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. शी!

थामनं टॉवेल खुंटीला लावला. "आई, गिझर उघडायला सांगा. आजच. आत्ता."

"अगं पण देव..."

"देवाचं मी बघते."

मी म्हटलं, "सिन परत आलाय गावात. कालच बाजारात दिसला. त्याला बोलावते."

तर हे एकदम म्हणाले, "सिन नको." ज्या माणसाला आपला चष्मा कुठे आहे ते माहीत नसतं, त्याला आज गिझरवाला कोण हवा-नको ह्याची काळजी! "तो चांगला नाही. दुसरा बघा कुणी. मी बघतो उद्या."

"तुम्ही उद्या तुमचा बुलबुल बघा," मी म्हटलं आणि फोन लावला.

सिन आला. मेन बंद केला, नळ बंद केला, शिडी लावली. वायरीवरची चिकटपट्टी बघून त्यानं कपाळावर हात मारला. "हे कुणी केलं?" आम्ही दोघींनी ओसरीकडे बघितलं. थाम प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन न्हाणीच्या दारातच बसली. मी म्हटलं, "अगं, तू तरी आत जाऊन पड." तर म्हणाली, "नाही, मी इथेच बसते. चिडायचं असेल त्यानं माझ्यासमोर चिडावं." सिन जे बोल्ट काढी ते ती मांडीवर गोळा करत होती.

खालचं झाकण सुटलं आणि आतून चुन्याचे तुकडे धबाधबा बादलीत पडले. पांढरे, पिवळे, काही लाल. बादली अर्धी भरली. कॉइल बाहेर काढली तर तिच्यावर एवढं जाड कवच, आणि एका जागी चिरून आतली तार उघडी पडलेली. "मावशी, करंट ह्यातून येत होता. नशीब म्हणा." मग त्यानं रॉड काढला. रॉड कसला, गंजकी काडी.

"कमाल आहे," सिन म्हणाला. "हा कंपनीतून आलेलाच रॉड आहे. बोल्टवर फॅक्टरीचा रंगसुद्धा अजून अख्खा होता, मी आत्ता तोडला. ह्याला आजवर कुणी हातच लावलेला नाही."

मी म्हटलं, "असं कसं? दोन वर्षांपूर्वी तूच नाही का बदललास?"

"मी?" सिन शिडीवरून खाली बघायला लागला. "मावशी, त्या दिवशी मी आलो होतो खरा, पण काकांनी मला दारातूनच परत लावलं. बुद्धिबळ चालू होतं. म्हणाले, आज गडबड नको, पुन्हा बोलावतो. मग मी बाक निन्हला गेलो. का? काही झालं का?"

थामच्या मांडीवरचे बोल्ट फरशीवर सांडले. कुणी उचलले नाहीत.

"म्हणजे तेव्हा," ती म्हणाली, "उघडलाच नव्हता?"

सिनला काही कळेना. तो म्हणाला, "नाही वहिनी. मी घरातसुद्धा आलो नव्हतो."

मी खाली बसले. दोन वर्षं मी दर पौर्णिमेला, दर अमावास्येला पॅगोडात जाऊन त्या बाळासाठी उदबत्ती लावत होते. न जन्मलेल्या जिवाची माफी मागत होते, की बाबा, तुझ्या आजीनं अजाणता केलं, रागावू नकोस. ह्यांनी बघितलं होतं मला जाताना. एकदा तर म्हणाले होते, येताना पक्ष्यांचे दाणे आण.

मी उठून ओसरीवर गेले. हे पिंजऱ्याकडे तोंड करून उभे होते. ऐकलं होतं सगळं, ताठलेली मान दिसत होती ना मागून.

"सिनला परत लावलंत त्या दिवशी?"

"कुठल्या दिवशी?"

"कुठल्या ते तुम्हाला माहीत आहे."

ह्यांनी तिरका पिंजरा सरळ करून बघितला. मग म्हणाले, "डाव रंगात आला होता."

"आणि मला 'झालं' म्हणालात."

"तू लगेच भांडायला लागली असतीस."

"आणि दवाखान्यात? त्या पोरीसमोर, तिच्या आईसमोर? तेव्हा तरी तोंडानं खरं सांगायचं होतंत!"

"तेव्हा सांगून काय बाळ परत येणार होतं?" ते माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता तरी काही बोलतील. बोलले. "आणि तो डावसुद्धा मी हरलोच शेवटी," म्हणाले. मी त्यांना 'असू दे हो' म्हणावं असा चेहरा करून.

इतकी वर्षं मी ह्या माणसावर चिडत आले. त्या दिवशी चिडताही येईना. चिडायला समोर कुणीतरी असावं लागतं.

थाम कधी माझ्यामागे येऊन उभी राहिली ते कळलं नाही. तिनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझा हात धरला, तो मिरचीनं भाजलेला, सोललेला हात, आणि आपल्या पोटावर ठेवला. आत बाळ ढुशा देत होतं. न्हाणीत सिन टाकीवर हातोडीनं ठोकत होता.

"आई," ती म्हणाली, "माझ्या आईला फोन करते. तिला सांगते, मी इथेच बाळंत होणार आहे. आणि का, तेही सांगते."

मग ती फोन आणायला आत गेली, आणि मी सिनला नवा रॉड नीट बसव म्हणून सांगायला गेले.